पंप बदलला तर स्विमिंग पूलचं बिल कमी येतंय काय?

प्रश्न : काका नमस्कार. खानापूर-जांबोटी रोडला आमचं छोटं होमस्टे आहे. मागं 30 बाय 15 फुटाचा स्विमिंग पूल, सरासरी साडेचार फूट खोल. दीड एचपीचा सिंगल फेज पंप रोज 10 तास चालतो. मीटर कमर्शियल, सगळं धरून युनिट 8 रुपयाला पडतं. एका डीलरनं स्पीड कमी-जास्त करता येणारा पंप सुचवलाय, किंमत 85 हजार. साधा नवीन घेतला तर 28 हजार. तो म्हणतोय 80 टक्के बिल वाचतंय, आमचे मिस्टर म्हणतात एवढं कुठं वाचतंय. घेऊ काय नको?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, वाचतंय, पण 80 टक्के नाही, आणि नुसता पंप आणून बसवला म्हणूनही नाही, तो कमी स्पीडला चालवला तरच वाचतंय. बेळगावच्या उद्यमबागला मोटर रिवाइंडिंगमधे माझी 30 वर्षं गेली, लोक लेबल बघून पंप घेतात आणि जुन्यासारखाच फुल्ल स्पीडला 10 तास सोडून देतात, मग बिल आलं की आमच्याकडं येतात, जीव हळहळतो ओ. मोटर नुसती चांगल्या दर्जाची असली, म्हणजे 78 टक्क्याऐवजी 85 टक्के एफिशियन्सीची, तर जिथं 100 युनिट जात होते तिथं 92 जातात. एवढंच.

खरी गंमत स्पीडची आहे. पंपाचा स्पीड अर्धा केला की पाणी अर्धं येतं, पण वीज आठवा हिस्सा लागते, अर्धी नाही बरं का, आठवा हिस्सा! मग तेवढंच पाणी फिरवायला दुप्पट वेळ चालवलं तरी हिशोबानं पाव वीज जाते. हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात ड्राइव्ह, म्हणजे स्पीड कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, स्वतः थोडी वीज खातो, हळू फिरताना मोटरची एफिशियन्सी पण उतरते, म्हणून मी जरा हात राखून धरतो. तुमचा आत्ताचा पंप साधारण दीड किलोवॅट ओढत असणार, 10 तासाला 15 युनिट. नवा अर्ध्या स्पीडला 0.3 किलोवॅट धरा, 20 तास चालवा, 6 युनिट. दिवसाला 9 युनिट वाचले म्हणजे 72 रुपये, महिन्याला 2,160.

आता तुमच्याकडचा पाऊस बघा. जांबोटीकडं जून ते सप्टेंबर पूल कोण वापरणार? चार महिने सोडले तर वर्षाला 17,280 वाचतात. जुना पंप जळालाच असेल आणि नवा घ्यायचाच असेल तर जादाचे 57 हजार सव्वातीन वर्षात निघतात, घ्या खुशाल. पण जुना धडधाकट चाललाय आणि तो काढून हा बसवणार असाल तर हिशोब पूर्ण 85 हजारावर करायला पाहिजे, ते निघायला पाच वर्षं लागतात. डीलर हे सांगत नाहीत. शिवाय ही बचत पंपाच्या युनिटातली आहे, हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, बिलावर किलोवॅटमागं जो फिक्स्ड चार्ज असतो तो आहे तसाच राहणार, आणि कमर्शियल मीटरला गृहज्योती, म्हणजे घरगुती मीटरची सरकारी फुकट वीज, पण नाही.

पंप घ्यायच्या आधी एक करा ताई. घरातलं सगळं बंद करून फक्त पंप चालू ठेवा आणि मीटरसमोर उभं राहा, तिथं एक लाल लाईट लुकलुकतो, मीटरवर 3200 इम्पल्स असं काहीतरी छापलेलं असतंय, म्हणजे तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. मिनिटभर लुकलुक मोजा. 3200 वाल्या मीटरवर 80 वेळा लुकलुकला तर पंप दीड किलोवॅट खातोय. नवा बसवल्यावर अर्ध्या स्पीडला परत मोजा, 16 च्या आसपास यायला पाहिजे. डीलरला हे समोर मोजून दाखवायला लावा, मगच शेवटचे पैसे द्या.

आणि आजच्या आज फुकटात होणारी गोष्ट. तुमच्या पूलमधे साधारण 57 हजार लिटर पाणी आहे, तुमच्यासारखा पंप तासाला 14 हजार लिटरच्या आसपास फिरवतो, फिल्टर साफ असेल तर. म्हणजे चार तासात एक फेरी. मधल्या वारी पाहुणे नसतात तेव्हा 10 तास कशाला? 6 तास पुरतात, टायमर लावा, दिवसाला 6 युनिट तिथंच वाचले. फक्त क्लोरीन 1 ते 3 पीपीएममधे ठेवा आणि तळाची फरशी स्वच्छ दिसतीय काय रोज बघा. शनिवार-रविवार आणि मे महिन्यात पोरं भरली की परत 10 तास करा, तिथं काटकसर नको, पाण्यात लहान मुलं असतात. बास्केटमधे काजूचा पाला अडकलेला असला किंवा फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा स्वच्छ असतानापेक्षा 8-10 पीएसआय वर गेला असला तर आधी ते साफ करा, बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा.

नवा घेतलासा तर बॅकवॉशला आणि व्हॅक्युमला फुल्ल स्पीडच द्या, अर्ध्या स्पीडला फिल्टरमधली वाळू उचलत नाही. आणि अर्थिंग! एका फार्महाऊसवर वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि दोन महिन्याचा ड्राइव्ह गेला, मी उघडला तेव्हा बोर्ड काळा पडलेला, वास येत होता. सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंगचा खड्डा केल्याशिवाय बसवू नका.

प्रश्न : विहिरीवर 5 एचपीची मोटर आहे, उसाला पाणी देतो. तिलाही असा ड्राइव्ह लावून स्पीड कमी केला तर चालतंय काय?
— एक शेतकरी, निपाणी

उत्तर : नको दादा. पूलचं पाणी तिथल्या तिथं फिरतंय, त्याला चढ नाही. तुमच्या मोटरीला पाणी वर उचलायचंय. स्पीड अर्धा केला की उचलायची ताकद पावभर राहते, 40 फूट चढवणारा पंप 10 फुटावर अडतो, पाणी वर येतच नाही, इंपेलर जागच्या जागी फिरून तापतो आणि सील जातं. शिवाय कर्नाटकात 10 एचपीपर्यंत शेतीपंपाला वीज फुकट आहे, ड्राइव्हला घातलेले पैसे बिलातून कधीच निघणार नाहीत. तेच पैसे ठिबकला घाला, विहिरीचं पाणी तरी जास्त दिवस पुरेल. मोटर बंद केली की पाईपातलं पाणी परत विहिरीत उतरतंय काय तेवढं बघा, उतरत असेल तर फुटव्हॉल्व बदला.