मज्जारज्जूच्या रुग्णासाठी डॉक्टर निवडताना त्यांचे शोधनिबंध किती आहेत हे बघावं का?

तुम्ही लिहिलंय की वडील जिन्यावरून पडले, मणक्याचं ऑपरेशन झालं, कमरेखाली संवेदना नाही, आणि पुढच्या उपचारांसाठी कुणीतरी शंभरावर पेपर नावावर असलेल्या डॉक्टरांचं नाव सुचवलंय. नुसत्या आकड्यावर जाऊ नका. त्या आकड्याला मी काडीची किंमत देत नाही, आणि त्याला कारण आमचे दाजी.

माझा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यात बेदाण्याच्या शेडवर अवकाळी पावसात ताडपत्री ओढताना वरून खाली आला. मिरजेत ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू बसले, पाय मात्र गेले ते गेलेच. टी टेन, कम्प्लीट; म्हणजे छातीच्या भागातल्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर मार, आणि त्याखाली ना संवेदना ना हालचाल. तेवढ्यात पुण्याहून दाजी आले, हातात प्रिंटआउटचा गठ्ठा. "दीडशे पेपर आहेत या माणसाचे. इथं काय ठेवलाय याला?" जावयापुढे घरात कोण बोलणार? आई तर पिशव्या भरायलाच लागली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. म्हटलं, यादी वाचून तर बघू. रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर एकेक पेपर उघडला. कुणीतरी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या संकेतस्थळावर, आडनाव आणि एक आद्याक्षर टाकून जे आलं ते सगळं छापलेलं. आपल्याकडे पाटील, जाधव, कुलकर्णी काय कमी आहेत? त्यात दातांच्या मुळांवरचे पेपर होते, डोळ्याच्या पडद्यावरचे होते, एक तर म्हशींच्या कासदाहावरचा. ते वगळल्यावर यादी निम्म्यावर आली. उरलेल्यांत बऱ्याच ठिकाणी साहेब लेखकांच्या लांबलचक रांगेत मधेच कुठंतरी. स्वतः पहिले किंवा शेवटचे लेखक (मुख्य काम किंवा मार्गदर्शन सहसा त्यांचं असतं) असलेले थोडेच, आणि तेही स्क्रू कुठून कसा घालावा यावर. काम चांगलं असेल हो, पण आमचे स्क्रू बसून झाले होते. भावाची अडचण होती लघवीची, आणि माकडहाडावर लाल होत चाललेल्या कातडीची.

दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मास्तर, मग आता तुम्हीच उपचार करा."

उपचार केले ते तिथल्याच पुनर्वसन विभागातल्या एका मॅडमनी. त्यांचे पेपर मोजून दोन. त्यांनी भावाला दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवलं, आरसा धरून स्वतःची पाठ तपासायला शिकवलं, आणि कूस बदलायला दर दोन तासांचा गजर भावजयीच्या फोनवर लावून दिला. आता हे सगळं आलंय संशोधनातूनच, म्हणून 'पेपर वाचून कुठं रुग्ण बरा होतो' म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला वॉर्ड सुरू केला, त्याआधी असे बहुतेक रुग्ण जखमा चिघळून नाहीतर मूत्रपिंडं निकामी होऊन जायचे. नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालते, हे 1972 मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी मांडलं. त्याच्या जोरावर माझा भाऊ आज खुर्चीत बसून बेदाण्याचे सौदे करतो. उलट मज्जारज्जूला नुकताच मार लागलेल्यांना स्टेरॉइडचा मोठा डोस द्यावा, असं सांगणारा 1990 चा पेपर बघा. जगभर दाखले दिले गेले, वर्षानुवर्षं इंजेक्शनं टोचली गेली, आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं, देऊ नका. डॉक्टरांच्या संशोधनाचा मोठेपणा सांगायला वापरतात तो एच-इंडेक्स नावाचा आकडा, त्यांच्या पेपरांचे इतरांनी दिलेले दाखले मोजतो. दाखला बरोबर म्हणून दिला की चूक दाखवायला दिला, ते त्याला कळत नाही.

तुमच्या डॉक्टरांची यादी बघायचीच असेल तर पूर्ण नाव आणि संस्था जुळते का बघा, आणि पेपरात मोजलंय काय ते वाचा: लघवी, जखमा, खुर्चीत चढणं-उतरणं, की नुसते एमआरआय आणि उंदीर? मेडिकल कॉलेजात बढतीसाठीही पेपर लागतात, हे ध्यानात असू द्या. आणि स्टेम सेलचं नाव काढून कुणी पैसे मागितले तर उठून या. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नियमावलीप्रमाणे मज्जारज्जूच्या दुखापतीत ते फक्त चाचणीतच देता येतं, ती चाचणी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदलेली लागते, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. दाजींच्या गठ्ठ्यात असलंही एक माहितीपत्रक होतं, दरासकट. त्याचा विषय काढला की दाजी अजून चहा मागवतात.

ऑपरेशन व्हायचं असतं तर मी वेगळं बोललो असतो, तिथं सर्जनचा हात बघावा. मार टी सिक्सला, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला, किंवा त्याच्या वर असेल तरी गोष्ट वेगळी. नुसती नळी तुंबली तरी रक्तदाब भडकतो, डोकं ठणकतं, घाम फुटतो. ते ओळखणारा डॉक्टर जवळपास पाहिजे, चार तासांवरचा कितीही मोठा असला तरी उपयोगाचा नाही. आणि संशोधन करणारे डॉक्टर वाईट, असं माझं म्हणणं नाही. मी तसं म्हणतो, असं दाजी सगळीकडे सांगत फिरतात.

वडील कसल्या गादीवर आहेत ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. साध्या कापसाच्या असतील तर डॉक्टर शोधायच्या आधी हवेची गादी आणा, भाड्यानंही मिळते. आणली तरी कूस बदलणं सुटत नाही.