पंधरा वर्षांत बदललेली बोटं

प्रश्न : नमस्कार बाई. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीत ट्यूबलाइटपाशी एक दांडगी पाल रोज ठाण मांडून बसते. लहान पाली तिच्या धाकानं आढ्याच्या कोपऱ्यात सरकतात. माझी नात सांगत होती, की बेटांवरच्या सरड्यांचं असंच झालं आणि १५ वर्षांत त्यांची उत्क्रांती झाली. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात ना? ही नुसती सवय नव्हे का? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : तुमच्या ओसरीत चाललंय ती सवयच. दांडगी पाल गेली, की लहान पाली पुन्हा दिव्याखाली येतील. पण नात सांगते तेही खरं आहे, आणि तिनं ते तुमच्याशी बोलून दाखवलं याचा मला फार आनंद झाला.

फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्याला मॉस्किटो लगून नावाची खाडी आहे. तिथं उपसलेल्या गाळाची छोटी छोटी बेटं तयार झाली आहेत. त्यांवर राहतात हिरवे ॲनोल. दिसायला सरडे, पण बोटं आपल्या पालीसारखी चिकटणारी. १९९५ मध्ये टॉड कॅम्पबेल या जीवशास्त्रज्ञांनी त्यांतल्या तीन बेटांवर क्यूबा-बहामाकडचे तपकिरी ॲनोल सोडले आणि तुलनेसाठी तीन बेटं तशीच ठेवली. तपकिरी ॲनोल जमिनीवर आणि खोडाच्या बुंध्याशी वावरतो. काही महिन्यांतच हिरवे ॲनोल झाडावर उंच बसू लागले. इथपर्यंत तुमची ओसरी आणि ते बेट सारखंच.

२०१० मध्ये योएल स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या हिरव्या ॲनोलांची बोटं मोजली. तपकिरी ॲनोल पोहोचलेल्या बेटांवर बोटांखालच्या गाद्या मोठ्या झाल्या होत्या, गादीवरच्या आडव्या पट्ट्याही वाढल्या होत्या. या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात आणि पकड त्यांचीच. उंचावरच्या फांद्या बारीक आणि गुळगुळीत. ज्याची पकड थोडी अधिक घट्ट, तो तिथं टिकला आणि त्याची पिल्लं वाढली. माणसाच्या हिशेबात १५ वर्षं थोडी, पण तेवढ्यात या सरड्यांच्या सुमारे २० पिढ्या होतात.

आता तुमची शंका, जी मला फार मोलाची वाटते : उंच चढून चढून प्रत्येकाची बोटं त्याच्या आयुष्यातच वाढली असतील तर? स्टुअर्ट यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी दोन्ही प्रकारच्या बेटांवरून पोटात अंडी असलेल्या माद्या आणल्या आणि पिल्लं एकाच ठिकाणी, एकसारख्या परिस्थितीत वाढवली. त्या पिल्लांनी तपकिरी ॲनोलचं तोंडही पाहिलं नव्हतं. तरी बोटांतला फरक उरलाच. म्हणजे तो आईबापांकडून आलेला होता. या सगळ्या कामातला हा भाग माझ्या सर्वांत आवडीचा आहे. वर्गात उत्क्रांती शिकवताना मी नेहमी इथं थांबायची.

लाखो वर्षांचं म्हणाल, तर तेही चूक नाही. कॅरिबियन समुद्रातल्या क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि पोर्टो रिको या चारही बेटांवर बुंध्याशी राहणारे लांब पायांचे ॲनोल आहेत, बारीक डहाळीवरचे आखूड पायांचे आहेत, शेंड्याकडचे रुंद गाद्यांचे आहेत. बहुतेक रूपं त्या त्या बेटावर स्वतंत्रपणे घडली. एवढं वैविध्य उभं राहायला लाखो वर्षं लागली. फ्लॉरिडातला बदल बारीकसा, काही टक्क्यांचा.

मग तुमच्या आढ्यातल्या पालींचे पंजे रुंदावतील का? मला नाही वाटत. बेटाभोवती पाणी असतं, तुमच्या घराभोवती शेजारी. त्यांच्या भिंतींवरून नव्या पाली सतत येत राहतात आणि वेगळेपण मूळ धरण्याआधीच त्यांच्यात मिसळून जातं.

नातीला एक दाखवा. रात्री पाल खिडकीच्या काचेवर बाहेरून येते, तेव्हा आतून भिंग धरा. बोटांखालच्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. तिला त्या मोजू द्या, आणि तोवर घरातल्या कुणाला झाडू उचलू देऊ नका.