मंडळ म्हणते, आवाज कमी येऊन राहिला

प्रश्न : ताई, नमस्कार. मी वडसा भागातल्या एका खेड्यात राहतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला की एका मंडळीसोबत साऊंडवर असतो. हंगाम संपला की हात रिकामे. गेल्या वर्षापासून लॅपटॉपवर मिक्सिंग-मास्टरिंग करतो, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज जुळवून गाणे पक्के करून देतो. भीमगीते, भजने केली. पण जो तो म्हणतो, "भाऊ, आवाज कमी येऊन राहिला, त्या दुसऱ्या गाण्यावानी दणका नाही." लिमिटर (आवाजाची टोके दाबून बाकीचा आवाज वर उचलणारे सॉफ्टवेअर) दाबला की आवाज वाढतो, पण ढोलकीची थाप मरते. महागडे स्पीकर घेऊ काय? आणि खेड्यात राहून यावर पोट भरेल काय?
— एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : भाऊ, थाप मरते हे तुझं तुलाच ऐकू आलं. मला ते कळायला दोन वर्षं लागली. तोवर मीही मंडळ म्हणेल तसा लिमिटर दाबत गेले.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात, घराच्या मागच्या खोलीत हे काम करते. एकदा पोळ्याच्या आधी एका भजनी मंडळाचे अध्यक्ष तुझ्या गिऱ्हाइकांसारखीच तक्रार घेऊन आले. सोबत दुसऱ्या मंडळाचं भजन पेनड्राइव्हमध्ये आणलं होतं. मी दोन्ही भजनं एकाच प्रोजेक्टमध्ये लावली आणि मीटर पाहिला. दुसऱ्या मंडळाचं उणे ८ लफ्स, मी केलेलं उणे १३. (लफ्स म्हणजे गाणं सरासरी किती मोठं वाजतं त्याचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं.) मग दुसऱ्या मंडळाचं भजन ५ डेसिबलनं खाली घेतलं, स्क्रीन झाकली आणि कोणतं कुणाचं हे न सांगता आलटून पालटून वाजवलं. काकांनी तीनदा ऐकलं. मग म्हणाले, "या दुसऱ्यात खंजिरीवरची बोटं दिसतात." ते आपलं होतं. त्या दिवसापासून आवाज सारखा केल्याशिवाय मी कुणालाही दोन गाण्यांची तुलना करू देत नाही. तूही देऊ नको.

आपल्या कानाला मोठं ते चांगलं वाटतं. आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. म्हणून तेच गाणं थोडं वाढवलं की एकदम भरल्यासारखं वाटतं. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, त्याला तसंच ऐकू येतं.

आता गाणं वाजणार कुठे, ते बघ. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सवर आणतं, ॲपल म्युझिक उणे १६ वर. तू उणे ८ चं गाणं दिलंस तर स्पॉटिफायवर ते ६ डेसिबल खाली ओढलं जातं. मोठेपणा गेला, आणि ढोलकीची थाप तर तू लिमिटरनं आधीच घालवलेली. यूट्यूबही मोठं गाणं खाली आणतं, पण हळू गाणं वर उचलत नाही. म्हणून फार हळूही ठेवू नको. माझी भजनं उणे १२ च्या आसपास थांबतात, ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ वर.

मिरवणुकीच्या डीजेवर मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे पेनड्राइव्हमधलं गाणं जसं आहे तसं वाजतं, आणि आधीच्या दणदणीत गाण्यामागून आपलं आलं की खरंच पडतं. चौदा एप्रिलच्या भीमगीताला मी दोन फाइली देते, एक नेटसाठी आणि एक डीजेसाठी. डीजेची उणे ९-१० पर्यंत नेते. त्यातला ३० हर्ट्झच्या खालचा भाग कापते, कारण तो जवळपास ऐकू येत नाही, फुकट ॲम्प्लिफायर खातो. आणि खर्ज पूर्ण मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमध्ये एकसारखा ठेवते. फाइलच्या नावातच "डीजे" लिही, नाहीतर मंडळातली पोरं नेमकी तीच यूट्यूबवर टाकतात.

लिमिटरच्या आधी मिक्समध्ये जागा करायला शीक. हार्मोनियम आणि गायक यांचे आवाज हर्ट्झच्या एकाच टप्प्यात येतात आणि भांडतात. गायक गातो तेवढ्यापुरती हार्मोनियम दीड-दोन डेसिबल खाली घे. दोन ओळींच्या मधे तिला परत वर येऊ दे. हे हातानं, ओळीओळीनं करावं लागतं, पण एवढ्यानं शब्द जे उघडतात ते कोणत्याही प्लगइननं उघडत नाहीत. खंजिरी आणि गळा एकाच माइकमध्ये असतील तर गळ्याला धार द्यायला गेलास की चकत्या कान फोडतात. अशा वेळी मंडळालाच सांग, खंजिरीवाल्यानं दोन हात मागे बसावं. तुकडोजी महाराजांच्या मुलखात खंजिरी मागे बसव म्हटलं की सुरुवातीला रागावतात, पण एकदा ऐकलं की पुढच्या वेळी स्वतःच मागे सरकतात.

स्पीकर आत्ता घेऊ नको. आधी खोली. माझी खोली १० बाय १० फूट. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्या हिशेबानं १० फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो. खोली चौरस, म्हणून लांबीतही तोच आणि रुंदीतही तोच. खोलीच्या मधोमध बसलं की तो सूर गायब, भिंतीला टेकलं की फुगलेला. मी मधोमध बसायची. ढोलकीचा खर्ज ऐकू येईना म्हणून वाढवत गेले, आणि माझी गाणी काळीपिवळी जीपमध्ये वाजली की दारं थरथरायची.

फोमच्या चौकटी मागवायला पैसे नव्हते. घरचा कापूस होता. सरकी काढून आणलेली रुई गादीवाल्याकडून पिंजून घेतली. ४ बाय २ फुटांच्या, अर्धा फूट खोल लाकडी चौकटींत भरली, वरून मांजरपाट ताणला. रुई ठासायची नाही, हात घातला तर आत जायला हवा. दोन चौकटी पुढच्या कोपऱ्यांत, दोन बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना आणि दोन पाठीमागे. पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी दोन कुरतडल्या, म्हणून मागून बारीक जाळी ठोकली. कापूस पेट घेतो, तेव्हा वायर आणि बोर्डापासून लांब ठेव. टेबलही मधून काढून एका भिंतीकडे सरकवलं. खर्ज पूर्ण सुधारला असं नाही, पातळ चौकटीनं तो सुधरतच नाही. पण कुठे विश्वास ठेवायचा ते कळलं. बाकी मी हेडफोनवर तपासते.

हेडफोनमध्ये घुंई येत असेल तर आधी अर्थिंग बघ. माझ्याकडे खड्ड्यात मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केल्यावर अर्धी घुंई गेली.

पोटाचं विचारलंस. पहिली दोन वर्षं माझं घर शेतीनंच चाललं, हे खरं सांगते. आता निम्मं काम आसपासच्या मंडळांचं, निम्मं पुण्या-मुंबईचं. चौदा एप्रिलची गाणी फेब्रुवारीपासून येऊ लागतात, पोळा-गणपतीची जुलैत. तुझा नाटकाचा हंगाम होळीपर्यंत, म्हणजे दोन्ही जमतं. रात्रभर झाडीपट्टीच्या मंडपात ज्यानं नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला, त्याला गाण्यात शब्द पुढे ठेवायला वेगळं शिकवावं लागत नाही.

पैशाचं पक्कं बोल. निम्मे आधी. बदलाच्या दोन फेऱ्या मोफत, तिसरीचे वेगळे. एका निर्मात्यानं सहा गाण्यांच्या पूर्ण फाइली नेल्या आणि नंतर फोन उचलला नाही. तेव्हापासून पूर्ण पैसे येईपर्यंत मी मधेमधे बीप टाकलेली एमपीथ्रीच पाठवते. गिऱ्हाइकांना सांग, रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चार मिनिटांचा एक मोनो ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, साधारण ३५ एमबी होतो. वीस ट्रॅक म्हणजे ७०० एमबी. गावात ते रात्री लावून झोपायचं.

प्रश्न : माझा मुलगा हेच काम करतो. रात्रंदिवस हेडफोन लावून बसतो. कान जातील काय हो?
— एक आई, दारव्हा

उत्तर : काकू, भीती बरोबर आहे. ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असा कामगारांसाठीचा एक मान्य हिशेब आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९४ ला फक्त १ तास. त्याला म्हणावं, आवाजाच्या बटणावर एका जागी खडूनं खूण कर आणि काम करताना त्याच्या वर जाऊ नको. शेजारी बसून तुम्ही साध्या आवाजात हाक मारली आणि त्याला ऐकू आली नाही, तर हेडफोन काढायला लावा. तासाभरानं दहा मिनिटं बाहेर. मी उन्हाळ्यात पहाटे चारला बसते आणि नऊला उठते, कारण नंतर कूलर लावावा लागतो आणि त्याच्या आवाजावर मात करायला आपसूक हात बटणाकडे जातो. त्यालाही पहाटेची सवय लावा. आणि काम झाल्यावर कानात शिट्टी वाजते असं तो म्हणाला, तर त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे न्या.