मक्याला शेणखत टाकलं होतं, आता हरभऱ्याला परत टाकू का?

नको, माझ्या मते गरज नाही. आमची शेती सांवेरकडे आहे, इंदूरहून फार लांब नाही, काळी माळव्याची माती, आणि आम्ही पण मक्यानंतर हरभराच घेतो.

बघा, शेणखतात नत्र असतं साधारण अर्धा टक्का, म्हणजे १० टनात ५० किलोच्या आसपास, पण त्यातलं पहिल्या पिकाला मिळतं जेमतेम तिसरा हिस्सा, बाकीचं सेंद्रिय रूपात मातीत पडून राहतं आणि जीवाणू ते हळूहळू सोडतात, त्यामुळे हरभऱ्याला आयतंच मिळतं. हरभऱ्याला तशी भूक कमीच, हेक्टरी २० किलो नत्र सुरुवातीला बस्स, पुढचं तो मुळांवरच्या गाठींतून हवेतलं घेतो. उलट नत्र जास्त झालं तर गाठीच कमी बनतात आणि झाड नुसतं पाल्यावर जातं!

खरा फायदा म्हणजे माती भुसभुशीत राहते, ओल टिकते, आणि पेरणीनंतर पाऊस नसतो तेव्हा तीच कामाला येते. कोंबडीखत टाकलं असेल तर मात्र वेगळं, ते लवकर कुजतं, मागे कमी उरतं.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) तेवढं माती तपासून ठरवा, त्याची हरभऱ्याला गरज असते. बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी बनवणारे जीवाणू) आणि पीएसबी (मातीतला स्फुरद विरघळवणारे जीवाणू) लावाच, स्वस्तात काम होतं. आणि कच्चं शेणखत तर अजिबात नको, वाळवी लागते, आम्ही भोगलंय.