पेशीच्या बाहेर बघ

अगं,

तुझी मेल वाचली. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या त्याच टी२४ पेशी मॅट्रिजेलमध्ये खोल घुसतात आणि आतड्याच्या निरोगी थरापासून केलेल्या जेलवर गुमान थर करून बसतात, म्हणून ‘डेटा बिघडला’ असं ठरवून तू आता जीनच्या याद्या काढायला निघालीस. बिघडलंय कुठे? हाच तर रिझल्ट! पेशी त्याच, डीएनए तोच, बदललं ते बाहेरचं.

मॅट्रिजेल कशाचं करतात, हे तुमच्या लॅबमध्ये कुणी विचारतं का? उंदराच्या गाठीचा अर्क तो. लॅमिनिन आणि चार नंबरचं कोलॅजन ही प्रथिनं, शिवाय पेशी वाढवणारे घटक. गाठीच्या वातावरणात ठेवलेली पेशी गाठीसारखी वागली, यात नवल ते काय?

मला चिडचिड होते ती याची, की टी२४चं नाव निघालं की सगळ्यांना १९८२च आठवतं. एचरास या जीनमधलं एक अक्षर बदललं, त्याच्या प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलिन आलं. मोठाच शोध होता, नाही कोण म्हणतंय? पण तेव्हापासून मान आत वळली ती वळलीच. तू बाहेर बघ. मूत्राशयाच्या अस्तराखालचा तो पातळ पडदा लॅमिनिन आणि कोलॅजनचाच आहे. एमएमपी-२ आणि ९ ही एन्झाइम्स तो कुरतडतात, तेव्हा पेशीला वाट मिळते. त्याखालच्या थरात पोचली की कॅन्सरचा टी१ टप्पा, स्नायूत शिरली की टी२, आणि मग मूत्राशयच काढायची भाषा सुरू होते. हीच एन्झाइम्स बाहेरच्या जाळ्यात निजवून ठेवलेला टीजीएफ-बीटा हा निरोप्या प्रथिनही मोकळा करतात. २०१८ साली अटेझोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध घेतलेल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा औषध लागू न पडलेल्या कित्येकांत प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी गाठीभोवतीच्या कोलॅजनमध्येच अडकलेल्या दिसल्या. लढायला आलेल्या पेशी आत पोचल्याच नाहीत!

आणि आपली बीसीजी, ती क्षयाची लस? १९७६पासून ती या कॅन्सरवर मूत्राशयात सोडतात. हडपसरची सीरम ऑन्को-बीसीजी म्हणून बनवते. तो जंतू भिंतीवर धरतो कशाला? उघड्या पडलेल्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला. म्हणजे उपचारसुद्धा बाहेरच्या प्रथिनाचा हात धरूनच आत शिरतो. तरी म्हणे बाहेर काय बघायचं!

मला लोक हट्टी म्हणत, अजूनही म्हणत असतील. एका समितीने माझा प्रस्ताव परत पाठवला होता. ‘कॅन्सर कुठे आहे यात?’ असा शेरा मारून. माझ्यामागून आलेले प्रोफेसर झाले, मी रीडर म्हणूनच निवृत्त झाले. त्याचं मला फारसं वाटत नाही. (वाटतं थोडं.) खंत वेगळीच आहे. ऑपरेशन थिएटरमधून आमच्याकडे गाठीचा तुकडा यायचा आणि भोवतालची ऊती बादलीत जायची. ‘कड पण द्या’ म्हणून मी सर्जनांशी वर्षानुवर्षं भांडले. मिळाली ती फार थोडी, आणि तेवढ्यावर काही छातीठोक सांगता आलं नाही. पण प्रश्न बरोबर होता, हे मी आजही म्हणेन. हट्ट केला नसता तर तेवढीही मिळाली नसती.

तेव्हा सोमवारी गणेशखिंडीच्या लॅबमध्ये पोचलीस की आधी मॅट्रिजेलचा बॅच नंबर वहीत लिही. ते बॅचगणिक बदलतं. एकाच पॅसेजच्या, म्हणजे एकाच पिढीच्या, पेशी दोन्ही जेलवर पुन्हा लाव. बीटा-१ इंटिग्रिन, म्हणजे पेशीचा बाहेरचं जाळं धरणारा हात, अडवणारी अँटीबॉडी घालून बघ, बाहेरचा निरोप आत जायचा थांबतो का ते कळेल. आणि रुग्णांच्या ऊतीचे मेणातले ब्लॉक मागशील तेव्हा कडेसकट माग, नुसत्या गाठीचे घेऊ नकोस. मॅसन ट्रायक्रोमचा रंग स्वस्त आहे, कोलॅजन निळं दिसेल, डोळ्यांनी बघ. सिक्वेन्सिंग नंतरही करता येईल.

गाइड म्हणतील पेपर लांबेल. लांबू दे. फेलोशिप संपत आलीय, हे मला ठाऊक आहे. त्याचं काय करायचं ते फोनवर बोलू. सातनंतर कर, दुपारी मी झोपते.

— तुझ्या मॅडम