जागा दुपारीच गाठा
इंग्लंडच्या कालव्यांतून फिरायला पहिल्यांदाच नॅरोबोट, म्हणजे लांब, अरुंद बोट घेताय ना? मग उन्हाळ्यात पबसमोरची बोट बांधायची जागा दुपारी तीनच्या आत धरा. ग्रँड युनियन कालव्यावरचं स्टोक ब्रुअर्न गावच घ्या. दक्षिणेकडून सात लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारी, दारं असलेली कुंडं) चढून दमलात की काठावरच ‘द बोट इन’ हा पब, पलीकडे कालव्याचं संग्रहालय. साहजिकच गर्दी. जागा नसेल तर हट्ट नको, थोडं अलीकडे बांधा आणि काठाच्या पायवाटेने चालत या. भूकही कडकडून लागते. मुक्कामाची मुदत फलकावर वाचा. लॉकच्या तोंडाशी असलेले खुंटे मात्र लॉकमधून जाणाऱ्यांसाठी, तिथे रात्र काढायची नाही. आम्ही एकदा दोर सैल ठेवला, जेवून आलो तर बोट कालव्यात आडवी! आणि पबला आधी फोन करा. बार उशिरापर्यंत चालू असला तरी स्वयंपाकघर बरंच आधी बंद होतं.