दहा मिनिटांत ताट रिकामं

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. जेवायला बसला की दहा मिनिटांत उठतो, बर्गर तर पाच मिनिटांत संपवतो. ओरडले की म्हणतो, आई तुझा वडापाव पण फास्ट फूडच आहे ना! त्याला काय सांगू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पोराचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. वडापाव उभ्या उभ्या खातात, लोकल पकडायच्या आधी पोटात काहीतरी ढकलायचं म्हणूनच तर तो मुंबईत एवढा चालला. पण तिथे घाई गिऱ्हाईकाला असते, वड्याला नाही. घाणा व्हायला लागेल तेवढा वेळ लागतोच, तुम्ही कढईसमोर वाट बघत उभे असता, आणि या गाडीवरची लसणाची चटणी त्या गाडीवर मिळत नाही.

बर्गरचं तसं नाही. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये मॅकडोनाल्ड भावांनी आपलं चांगलं चालणारं हॉटेल तीन महिने बंद ठेवलं आणि सगळा कारभारच बदलला. मेनू कापून नऊ पदार्थांवर आणला, बशा आणि काटे-चमचे काढून टाकले, सगळं कागदात, आणि कामाची अशी वाटणी की एकजण फक्त पॅटी भाजणार, दुसरा फक्त पावात सॉस घालणार. पुढे नवं किचन बांधताना त्याचा नकाशा त्यांनी टेनिस कोर्टावर खडूने आखला होता, कोण कुठे धडकतं ते बघायला कामगारांना त्यात फिरवून. हॅम्बर्गर १५ सेंटला, गरीब घरातली पोरंबाळंही हॉटेलात खाऊ लागली, हे चांगलंच झालं म्हणते मी. पण वेग हीच चव ठरली की खाणंही वेगाला साजेसं करावं लागतं, म्हणजे मऊ, एका हातात मावणारं, फार चावायला न लागणारं, आणि दिल्लीत काय नि टोकियोत काय, साधारण एकाच साच्यातलं.

त्याचं पोटात काय होतं? अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न देऊन बघितलं, हवं तेवढं खा म्हणून. २०१९ मध्ये निकाल छापून आला, की पहिल्या प्रकारचं अन्न ते भराभर खात होते आणि दिवसाला जवळपास ५०० कॅलरी जास्त. पोट भरलं हे कळायला वेळ लागतो हो, आणि तोवर कागद चुरगाळून झालेला असतो.

शिवाय आपली घाई दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडते, हे मला जास्त लागतं. अमेरिकेत डॉमिनोजची तीस मिनिटांत पिझ्झा घरी पोचवायची हमी होती, ती अपघातांच्या खटल्यांनंतर १९९३ मध्ये बंद करावी लागली. आज आपल्याकडे भर पावसात ऑर्डर पोचवायला बाइकवर पळणारी पोरं तुमच्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असतात, हे त्याला नक्की सांगा.

बर्गर बंद करू नका, चोरून खाईल. घरी आणून ताटात वाढा, सोबत काकडी-गाजर, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि एका रविवारी त्याच्याकडूनच वडे करून घ्या, बटाटे उकडून सोलण्यापासून मिरची-लसूण ठेचेपर्यंत सगळं त्यानेच करायचं, तुम्ही फक्त तेल तापलंय का ते बघा. पहिला घाणा निघेपर्यंत तास सहज जाईल.